टोमॅटो-मिरचीची कोवळी रोपं पिवळी पडली की औषध आणायच्या आधी काय बघायचं

रोपांची लागण, म्हणजे लावणी, होऊन दहा-बारा दिवस झाले की नाशिककडचं गिरणारे म्हणा, पिंपळगाव म्हणा, कुठल्याही कृषी सेवा केंद्रात जाऊन उभं राहा, एकच सीन दिसतो. माणूस गाडीवरून उतरतो, खिशातून मोबाईल काढतो, पिवळ्या पानाचा फोटो दाखवतो आणि पाच मिनिटात पिशवीत एक मायक्रोन्यूट्रियंट, एक बुरशीनाशक, एक कीटकनाशक, एक ह्युमिक आणि वरून "हे पण टाका, काळोखी येईल" अशी अजून एक बाटली घेऊन निघतो. दुकानदाराला तरी काय बोलणार, त्याला फोटोत एक पान दिसतं, ते पान रोपावर खाली होतं का शेंड्याला होतं, शेजारच्या रोपाचं काय चाललंय, मुळी कशी आहे, यातलं काहीच दिसत नाही, मग तो पाचही शक्यतांवर एकेक औषध देऊन मोकळा होतो. त्यातलं एखादं लागूही पडतं. पण कुठलं लागू पडलं ते कळत नाही, म्हणून पुढच्या वेळी परत तीच पिशवी.

तर हे लिहितोय ते टोमॅटो, मिरची, ढोबळी यांच्या रोपांसाठी, ट्रेमधल्या रोपापासून लागण झाल्यावर महिनाभरापर्यंत. फळ लागल्यावरचे प्रॉब्लेम वेगळे, ते इथे घेत नाही. आणि खिशात एक दहापट मोठं दिसणारं भिंग ठेवा, द्राक्षवाल्यांकडे असतंच, टोमॅटोवाले उगाच कंटाळा करतात.

सगळ्यात आधी रोपाजवळ जायचंच नाही, बांधावर उभं राहून पूर्ण प्लॉट बघायचा. अर्धं उत्तर इथेच मिळतं. पिवळेपणा सगळीकडे सारखा असेल, किंवा ठराविक पट्ट्यातच असेल, म्हणजे जिथे मुरूम वर आलाय किंवा जिथे पाणी साचतं तिथेच, तर माती, पाणी किंवा खताकडे बोट जातं. एका लॅटरलच्या, म्हणजे ओळीतून जाणाऱ्या ड्रीपच्या नळीच्या, पूर्ण ओळीतच असेल तर त्या लॅटरलचे ड्रीपर बघा, चोकअप असतात नाहीतर शेवटपर्यंत प्रेशर पोचत नाही. मधेच एक रोप, मग चार चांगली, मग परत एक, असं विखुरलेलं असेल तर व्हायरसचा संशय घ्यायचा, कारण पांढरी माशी आणि थ्रिप्स (फुलकिडे) अशाच उडत उडत बसतात. एका कोपऱ्यात गोल चट्टा आणि तो रोज थोडा मोठा होतोय, तर मर (रोप सुकून मरण्याचा रोग) किंवा सूत्रकृमी (मुळीत शिरणारे बारीक जंत). आणि फक्त एका बाजूच्या चार-पाच ओळी, त्याही शेजाऱ्याच्या ऊस, मका किंवा गव्हाकडच्या, तर त्याने तणनाशक मारलंय का ते विचारा, यावर पुढे सविस्तर लिहितो कारण यात लोक फार फसतात.

मग रोपाजवळ बसायचं आणि एकच प्रश्न विचारायचा, दुखणं खालच्या जुन्या पानांवर आहे का वरच्या नव्या पानांवर. हे एवढं नीट बघितलं तरी निम्म्या बाटल्या वाचतात. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं रोपाच्या आत फिरती असतात, कमी पडली की रोप स्वतःच्याच जुन्या पानातून काढून शेंड्याला पुरवतं, म्हणून कमतरता आधी खाली दिसते. लोह, कॅल्शियम, बोरॉन, गंधक यांचं तसं नाही, ती एकदा पानात बसली की सहजासहजी हलत नाहीत, म्हणून कमी पडली की नवीन पानं आणि शेंडा आधी बोंबलतो. जस्त आणि मँगेनीज मधलेच, पण कोवळ्या रोपात बहुतेक करून वरच्या आणि मधल्या पानांवरच दिसतात.

यात एक अपवाद लक्षात ठेवा. अगदी बुडातली ती दोन लांबट गुळगुळीत पानं, बी उगवताना पहिल्यांदा आलेली, ती पिवळी होऊन गळतातच. त्यांचं काम संपलेलं असतं. वरची पानं हिरवीगार आहेत आणि फक्त ही दोनच पिवळी आहेत तर काही करू नका. यावर पण लोकांनी फवारे घेतलेले बघितलेत. तसंच नर्सरीतून आणलेलं रोप पहिले चार-सहा दिवस थोडं फिक्कं, मान टाकलेलं दिसतं, सावलीतून आणि शेडनेटमधून एकदम उन्हात आलंय ते, त्याला सेट व्हायला वेळ द्या.

आता मुळी. कोवळ्या रोपांच्या पिवळेपणात नाशिकच्या काळ्या जमिनीत सगळ्यात जास्त वेळा कारण निघतं ते खत नाही, पाणी. निफाड, पिंपळगाव साईडची गोदाकाठची भारी जमीन, त्यात जुलै-ऑगस्टची झड, वर मल्चिंग पेपर, आणि त्यात पण सवयीने ड्रीप रोज अर्धा तास चालू. मातीत हवा राहत नाही, मुळी गुदमरते, आणि मुळीच काम करत नाही म्हटल्यावर जमिनीत सगळं भरलेलं असूनही रोप उपाशी. पानं खालून पिवळी पडायला लागतात, देठ खाली वाकतात, पान लोंबतं पण कोरडं सुकलेलं वाटत नाही, हाताला जाडसर भरलेलं लागतं. माणूस बघतो, म्हणतो सुकलंय, अजून पाणी सोडतो. झालं.

म्हणून एक पिवळं रोप आणि त्याच ओळीतलं एक चांगलं रोप, दोन्ही खुरप्याने बाजूने खोदून मातीसकट काढा, उपटू नका, उपटलं की बारीक मुळ्या जमिनीतच तुटून राहतात आणि तुम्हाला बघायचं तेच दिसत नाही. बादलीतल्या पाण्यात हलक्या हाताने हलवून माती काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. पांढरी मुळी आहे का, कोकोपीटच्या गठ्ठ्यातून बाहेर पडून मातीत शिरलीय का, का अजून त्या ट्रेच्या आकाराच्या गठ्ठ्यातच गोल फिरतेय. मुळी तपकिरी, आणि बोटात धरून ओढली की वरची साल निघून आतला दोरा हातात राहतो, तर सड लागलीय. मुळीवर बारीक गाठी, मुळीचाच भाग फुगून झालेल्या, तर सूत्रकृमी. खोडाला जमिनीलगत काळपट आणि बारीक झालेला भाग, तर मर. आणि हो, मार्च-एप्रिलच्या लागणीत मल्चिंग पेपरच्या भोकाला खोड चिकटून तिथे भाजल्यासारखी तांबूस रिंग येते, ती बुरशी नसते, प्लास्टिकचा चटका असतो, भोक मोठं करा आणि बुडाला थोडी माती लावा.

वापसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची, आहे का ते बघायला मशीन लागत नाही. पेपरखालून, ड्रीपरपासून वीतभर लांब, चार-पाच इंच खोलीवरची मूठभर माती घ्या आणि दाबा. लाडू होतोय आणि बोटाने टिचकी मारली की फुटतोय, वापसा. लाडू फुटत नाही, बोटाला चिखल लागतो, पाणी बंद. लाडूच होत नाही, पाणी द्या. पावसाळ्यात भारी जमिनीत कधी कधी आठ-आठ दिवस ड्रीप उघडायची गरज नसते, फक्त खत सोडायचंय म्हणून पाणी सोडू नका, त्यापेक्षा त्या आठवड्यात फवाऱ्यातून हलकं काहीतरी द्या. मुळी खराब असेल तर दुसरं काही करायच्या आधी पाणी तोडा, दोन बेडमधली चारी मोकळी करा, वापसा येऊ द्या. नुसत्या एवढ्याने चार-सहा दिवसात शेंडा हलायला लागतो.

मुळी पांढरी आहे, वापसा आहे, तरी पान पिवळं, मग अन्नद्रव्याकडे या.

नत्राची कमतरता ओळखायला सोपी. खालचं पूर्ण पान एकसारखं फिक्कं, शिरा पण फिक्क्या, रोप काटकुळं, वाढ मंद. लागणीनंतर 19:19:19 (पाण्यात विरघळणारं खत, आकडे ओळीने नत्र, स्फुरद, पालाशाच्या टक्क्यांचे) सोडायचं राहिलं असेल, किंवा न कुजलेलं शेणखत, भुसा, पाचट जास्त गेलं असेल तर ते कुजताना नत्र खातं आणि रोपाला मिळत नाही. 19:19:19 लिटरला 3 ग्रॅमने एक फवारणी आणि ड्रीपमधून थोडं थोडं, बस. इथे एकदम युरिया ढकलायचा मोह होतो, तो आवरा, कोवळं रोप लुसलुशीत झालं की पांढरी माशी आणि मावा आयता येतो.

स्फुरदाची गोष्ट हिवाळ्यात. पान गडद, थोडं निळसर, उलटं करून बघितलं तर शिरा आणि पानाची मागची बाजू जांभळी, खोड पण जांभळट, रोप जागच्या जागी बसलेलं. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा 5-6 डिग्रीवर आल्याच्या बातम्या येतात ना, त्या दिवसात हे हमखास दिसतं. जमिनीत स्फुरद असतो, थंड मातीत मुळीला तो उचलता येत नाही एवढंच. त्यामुळे परत परत डीएपी टाकून काही होत नाही, आपल्या चुनखडीच्या जमिनीत तो जाऊन अडकतोच. 12:61:0 ची लिटरला 3 ग्रॅमने एखादी फवारणी, पाणी संध्याकाळी न देता सकाळी ऊन वर आल्यावर, आणि थोडी वाट बघायची. रात्रीचं तापमान वाढलं की नवीन पान हिरवं येतं, जुन्याचा जांभळा रंग राहिला तरी हरकत नाही.

मॅग्नेशियममध्ये खालच्या आणि मधल्या पानावर शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा होतो, पिवळेपणा शिरांच्या मधून पसरतो आणि नंतर तिथे तांबूस ठिपके पडतात. द्राक्षातून टोमॅटोत आलेल्या मंडळींच्या प्लॉटमध्ये हे जास्त दिसतं असं माझं मत आहे, कारण त्यांना पालाश सोडायची सवय, 0:0:50 हात सैल सोडून जातं, आणि जास्तीचा पालाश मॅग्नेशियमला आत येऊ देत नाही. मॅग्नेशियम सल्फेट लिटरला 3 ते 5 ग्रॅम, आठवड्याच्या अंतराने दोन फवारण्या, आणि पालाशाचा डोस कमी. कोवळ्या रोपात पालाशाची स्वतःची कमतरता तशी कमीच बघायला मिळते, तिच्यात जुन्या पानाची कड जळते, पण कड जळण्याची दुसरी कारणंच जास्त असतात, ती खाली सांगतो.

आता लोह. याच्यावर जरा थांबू, कारण आपल्याकडच्या चुनखडीच्या जमिनीत याच्याइतका पैसा कशात वाया जात नसेल. दिसतं असं की शेंड्याची नवीन पानं पिवळी, अगदी बारीक शिरांपर्यंत हिरवी जाळी उठून दिसते, जास्त झालं की पान जवळजवळ पांढरं पडतं, आणि खालची पानं मात्र मस्त हिरवी. माती परीक्षणात लोह कमी आलं नाही तरी हे होतं, कारण जमिनीचा पीएच 8 च्या वर गेला की लोह मातीत असूनही विरघळत नाही. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल तर अजूनच. ड्रीपरच्या तोंडाशी पांढरा खार जमतोय का बघा, जमत असेल तर समजून जा. जमिनीत चुनखडी किती हे ढोबळमानाने बघायचं तर चिमूटभर कोरडी माती वाटीत घेऊन वर थोडं व्हिनेगर टाका, फसफसली तर चुनखडी भरपूर आहे. फसफसली नाही म्हणजे अजिबात नाही असं मात्र धरू नका.

अशा जमिनीत साधं फेरस सल्फेट ड्रीपने सोडलं तर ते काही वेळातच लॉक होतं. चिलेटेड, म्हणजे लोह लॉक होऊ नये म्हणून दुसऱ्या पदार्थात धरून ठेवलेलं, घेतलं तरी कुठलं चिलेट ते पाकिटावर वाचा. ईडीटीए वालं लोह, 12 टक्क्यांचं, पिवळसर पावडर असते, ते पीएच साडेसहाच्या वर गेला की जमिनीत टिकत नाही, म्हणून ते फवारायला वापरा, लिटरला अर्धा ते एक ग्रॅम. ईडीडीएचए वालं, बहुतेक 6 टक्क्यांचं, ते गडद लालसर असतं, पाण्यात टाकलं की पाणी लालभडक होतं, ते चुनखडीच्या जमिनीत टिकतं, म्हणून ते मुळीशी आळवणीने किंवा ड्रीपने द्यायचं. ते उन्हात खराब होतं त्यामुळे फवारण्यात अर्थ नाही. टक्केवारी 12 आणि 6 बघून लोक 12 वालं घेतात, स्वस्त आणि स्ट्राँग वाटतं, आणि नेमकं तेच ड्रीपने सोडतात. दुकानात दोन्ही पाकिटं शेजारी ठेवलेली असतात आणि नाव पण जवळपास सारखंच, म्हणून सांगतोय.

मँगेनीजची कमतरता लोहासारखीच दिसते, फक्त जाळी एवढी ठसठशीत नसते, शिरेच्या बाजूला हिरवा पट्टा जरा रुंद आणि मळकट राहतो. जस्तात नवीन पानं बारीक, दोन पानांमधलं अंतर कमी, शेंडा गुच्छासारखा. हे दोन्ही नुसत्या डोळ्याने पक्कं सांगणं अवघड आहे, जो माणूस फोटो बघून छातीठोक सांगतो त्याच्यावर जरा कमी विश्वास ठेवा. मायक्रोन्यूट्रियंट ग्रेड 2 हे फवारणीचं असतं आणि ग्रेड 1 जमिनीतून द्यायचं, तेवढी अदलाबदल करू नका. गंधकात नवीन पान एकसारखं फिक्कं होतं, शिरांसकट, पण आपण सल्फेटवाली खतं एवढी वापरतो की त्याची वेळ क्वचित येते.

कॅल्शियम आणि बोरॉन शेंड्यावर उठतात. कॅल्शियममध्ये नवीन पानाचं टोक आणि कड जळते, पान चमच्यासारखं वळतं, आणि आठवडाभर ढगाळ दमट हवा असली की जास्त, कारण कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं आणि पानातून बाष्प उडालंच नाही तर चढणार कसं. ऊन पडलं की पुढचं पान बऱ्याचदा आपोआप नीट येतं. बोरॉनमध्ये शेंडा जाड, कडक, देठ वाकवला की काडकन मोडतो, शेंडा मरून बाजूने फुटवे येतात. बोरॉन 20 टक्के लिटरला अर्धा ग्रॅम, कोवळ्या रोपाला याच्यावर जाऊ नका आणि आठवड्यात परत मारू नका, बोरॉनमध्ये कमी आणि जास्त यातलं अंतर फारच थोडं असतं, जास्त झालं की जुन्या पानांच्या कडा जळतात आणि ते काढायला उपाय नसतो.

आता ज्याला लोक कमतरता समजतात पण ती नसते, ते बघू.

कडा जळणं. लागणीनंतर पहिल्या आठवड्यात सगळ्या रोपांच्या पानाच्या कडा तांबूस कुरकुरीत झाल्या तर आधी बेडमध्ये कच्चं कोंबडखत गेलंय का, बेसल डोस (लागणीआधी बेडमध्ये घातलेलं खत) मुळीच्या अगदी खाली पडलाय का, ड्रीपने एकदम जास्त खत सोडलंय का ते आठवा. बोअरच्या पाण्याचा ईसी, म्हणजे त्यातल्या क्षारांचं माप, पण तपासून घ्या, 1 च्या आत असला तर चिंता नाही, 2 च्या वर असेल तर कोवळ्या रोपाला त्रास देणारच, मग प्रत्येक वेळी खताचा डोस निम्मा करा आणि खत सोडल्यावर थोडं साधं पाणी जाऊ द्या. सिन्नर, चांदवड साईडला उन्हाळ्यात विहिरी-बोअर खाली गेल्या की हा आकडा पावसाळ्यातल्यापेक्षा वर गेलेला असतो, त्यामुळे ऑगस्टचा रिपोर्ट एप्रिलला धरून चालू नका.

पान वळणं. टोमॅटोत खालची जुनी पानं वर वळून गोल पुंगळी झाली, जाड कडक झाली, पण रंग हिरवा आणि शेंडा छान चाललाय, तर तो ऊन-पाण्याचा ताण आहे, व्हायरस नाही, घाबरू नका. शेंड्याची पानं बारीक, वर वाटीसारखी वळलेली, कडा पिवळसर, रोप बुटकं, तर मात्र लीफ कर्ल व्हायरस, पांढऱ्या माशीने आणलेला. मिरचीत चुरडा-मुरडा सगळेच म्हणतात पण त्यात दोन वेगळे पाहुणे आहेत. पान वरच्या बाजूला वळून होडीसारखं झालं तर थ्रिप्स, पान खालच्या बाजूला वळून देठ लांब झाला तर कोळी. हे कळलं नाही तर कोळ्यावर थ्रिप्सचं औषध मारत बसतो आणि काही फरक पडत नाही. खात्री करायची तर शेंडा पांढऱ्या कागदावर टकटक झटका, बारीक पिवळे-तपकिरी लांबुळके किडे पळताना दिसले तर थ्रिप्स. मिरचीवरचा कोळी डोळ्याला दिसत नाही, भिंगाने पण कोवळ्या पानाच्या मागे नीट शोधावा लागतो. पानावर पांढरी वेडीवाकडी नागमोडी रेघ म्हणजे नागअळी, ती तर सगळ्यांना माहितीये.

नवीन पानावर तांबूस-काळपट ठिपके, कांस्यासारखी झळाळी, शेंडा एका बाजूला वाकून काळा पडतोय, हा थ्रिप्सने पसरणारा व्हायरस, याच्यावर खत नाही आणि औषध पण नाही. 2020 साली संगमनेर, अकोले, नारायणगाव साईडला टोमॅटोत तो तिरंगा व्हायरस म्हणून जो गाजला, त्याचे नमुने बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत गेले होते आणि त्यात मुख्यतः काकडीवरचा मोझॅक व्हायरस सापडला होता, जो मावा पसरवतो. आणि त्या वेळी पण कित्येकांनी महिनाभर कॅल्शियम, बोरॉन, पालाश असं काय काय घातलं होतं.

तणनाशकाचं. टोमॅटो टू-फोर-डी या तणनाशकाला इतका नाजूक आहे की शेजाऱ्याच्या उसातून वाऱ्यावर आलेला फवारा पण पुरतो. नवीन पानं अरुंद होतात, दोरीसारखी पिळतात, शिरा एकमेकींना समांतर आणि जवळ जवळ येतात, देठ आणि शेंडा वळतो. बघणारा लगेच व्हायरस म्हणतो. फरक असा की तणनाशकात त्या बाजूच्या सगळ्या रोपांवर एकाच दिवसात सारखं दिसतं आणि आत जाऊ तसं कमी होत जातं, व्हायरस असा शिस्तीत येत नाही. आणि शेजारी कोणीच काही मारलं नसेल तर स्वतःचा पंप आठवा, तणनाशक मारलेला पंप नुसत्या पाण्याने विसळून टोमॅटोवर नेला तरी हे होतं. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा, त्याच्यावर लाल पट्टा मारा. थोडं लागलं असेल तर रोप सावरतं, पाणी बेताचं ठेवा, फार औषधं मारू नका, नवीन येणारं पान सरळ येतंय का बघा.

ठिपके असतील तर भिंग काढा. खालच्या पानावर तपकिरी ठिपका आणि त्यात एकात एक गोल रिंगा, तो लवकर येणारा करपा. बारीक काळे तेलकट ठिपके आणि भोवती पिवळी कडा, तो जिवाणूजन्य, त्यावर नुसतं बुरशीनाशक मारून उपयोग नाही. पाण्यात भिजल्यासारखे मोठे डाग, सकाळी सकाळी पानामागे पांढरी लव, थंड ढगाळ हवा, हा उशिरा येणारा करपा, याच्यात मात्र विचार करत बसू नका, त्याच दिवशी फवारा घ्या. आणि रोप हिरवंच्या हिरवं भर दुपारी माना टाकतंय, रात्री सावरतंय, दोन-तीन दिवसात सावरेनासं झालं, तर बुडातून खोड तिरकं कापा आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात कापलेलं टोक जेमतेम बुडेल असं न हलवता धरा. काही मिनिटात त्यातून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरताना दिसला तर जिवाणूजन्य मर. ते रोप वाचत नाही, त्याच्या बुडातली माती पण तिथून दुसरीकडे नेऊ नका.

एवढं सगळं बघूनही दोन कारणांत अडकलात, समजा लोह का मँगेनीज, तर पूर्ण प्लॉटला मारायच्या आधी ट्रायल घ्या. चार-पाच रोपांना सुतळी बांधून फक्त लोह फवारा, दुसऱ्या चार-पाच रोपांना वेगळ्या रंगाची सुतळी बांधून फक्त मँगेनीज, आणि काही रोपं तशीच सोडा. आठवड्याच्या आत ज्याला लागू पडलंय त्याचं पान हिरवं व्हायला लागतं, लोहात तर जिथे थेंब पडला तिथे आधी हिरवा ठिपका दिसतो. एक आठवडा गेला म्हणून रोप मरत नाही, चुकीची तीन औषधं एकाच टाकीत गेली तर मात्र जळतं. बघताना नेहमी नवीन येणारं पान बघा, आधीच तांबूस झालेला भाग परत हिरवा होत नाही, तो बघून डोस डबल करू नका.

फवारणी सकाळी ऊन चढायच्या आत नाहीतर संध्याकाळी. ट्रेमधल्या रोपांना वर दिलेल्या प्रमाणाच्या निम्मंच. कॅल्शियम नायट्रेट कधीच 12:61:0, 0:52:34 किंवा कुठल्याही सल्फेटबरोबर एका टाकीत नको, साका बसतो, ड्रीप पण चोकअप होतं आणि खत पण वाया. शंका असेल तर आधी ग्लासभर पाण्यात त्याच प्रमाणात मिसळून अर्धा तास ठेवा, गढूळ झालं किंवा तळाला पांढरं बसलं तर समजा फाटलं. मेटलॅक्सिल, कार्बेन्डाझिम, टॉनिक, सिलिकॉन स्टिकर आणि मायक्रोन्यूट्रियंट असं सगळं एकत्र करून मजुरी वाचवायचा हिशोब मला तरी पटलेला नाही, कोवळ्या पानावर स्टिकर जास्त झाला तरी कड जळते आणि मग तीच कड कमतरता म्हणून परत दुकानात फोटोला जाते.

माती आणि पाणी परीक्षण लागणीच्या आधी केलं तरच कामाचं. नमुना घेताना प्लॉटमध्ये आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्हीच्या आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्या, कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडा, सगळी एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन भाग टाकून द्या, असं करत करत अर्धा किलो उरवा. झाडाखालची, बांधालगतची, खताच्या ढिगाखालची माती घेऊ नका. सावलीत वाळवा. नाशकात मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रात गंगापूर धरणाच्या रस्त्याला हे होतं. रिपोर्टमध्ये लोक नत्र-स्फुरद-पालाश बघून कागद घडी करून ठेवतात, तुम्ही आधी पीएच, ईसी आणि मुक्त चुना हे तीन आकडे बघा, पानांचे पुढचे निम्मे प्रश्न तिथेच लिहिलेले असतात. द्राक्षाचं देठ परीक्षण ज्यांना पाठ आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको खरं तर.

आणि शेवटचं नांग्यांचं, म्हणजे रोप गेल्याने रिकाम्या पडलेल्या जागांचं. व्हायरस पक्का दिसला की ते रोप तिथेच उपटून बांधावर टाकायचं नाही, बांधावर सुकताना त्यावरची पांढरी माशी उडून शेजारच्या रोपावरच बसते. सकाळी लवकर, किडे सुस्त असताना, रोपावर आधी प्लास्टिकची पिशवी उलटी घाला, मग उपटा, तोंड बांधा आणि प्लॉटबाहेर नेऊन पुरा. पिवळे आणि निळे चिकट सापळे एकरी वीस-पंचवीस तरी लावा, पिवळे पांढऱ्या माशीला, निळे थ्रिप्सला, आणि रोपाच्या शेंड्याच्या थोडं वर, उंच काठीला नाही. नांगी लागणीनंतर दहा-बारा दिवसांच्या आत भरली तर ते रोप बाकीच्यांबरोबर येतं, त्यानंतर भरलेलं शेजारच्या रोपांच्या सावलीत राहतं आणि त्याच्यावरच कीड आधी बसते, तेव्हा उशीर झाला असेल तर ती जागा मोकळीच सोडा. आणि भरायला आणलेली रोपं त्याच जुन्या ट्रेमधली, घराच्या पडवीत पंधरा दिवस उघडी ठेवलेली असतील तर लावण्याआधी त्यांची पानं मागून बघून घ्या.